शेकडा निकालाचा तक्ता नेमका वाचायचा कसा?

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावच्या माध्यमिक शाळेत मी यंदा पालक-शिक्षक संघाची सदस्य आहे. शाळेचे नाव मुद्दामच लिहीत नाही. गेल्या आठवड्यात पालकसभा झाली आणि सभेपूर्वी दहावीच्या निकालाचा तक्ता फलकावर लावण्यात आला. त्या तक्त्यात एकही मूल नव्हते, सगळे टक्केच होते. मी तो वहीत उतरवून घेतला, तो असा:

2024 : एकूण निकाल 96.00. विशेष प्रावीण्य 25.00, प्रथम श्रेणी 41.67, द्वितीय श्रेणी 25.00, उत्तीर्ण श्रेणी 8.33.

2025 : एकूण निकाल 86.36. विशेष प्रावीण्य 36.84, प्रथम श्रेणी 31.58, द्वितीय श्रेणी 21.05, उत्तीर्ण श्रेणी 10.53.

2025, विषयवार उत्तीर्ण : मराठी 100, हिंदी 100, इंग्रजी 90.91, गणित 86.36, विज्ञान 95.45, सामाजिक शास्त्रे 100.

या एका कागदावरून सभेत तीन तट पडले. पहिला म्हणाला की निकाल जवळजवळ दहा टक्क्यांनी कोसळला, तेव्हा शिक्षकांना जाब विचारा. दुसरा म्हणाला की विशेष प्रावीण्य जवळजवळ बारा टक्क्यांनी वाढले, तेव्हा शिक्षकांचा सत्कार करा. तिसऱ्या गटातील एका गृहस्थांनी मोबाइलवर सहा विषयांची बेरीज करून तिला सहाने भागले, उत्तर 95.45 आले, आणि एकूण निकालाचा आकडा छपाईत चुकला असावा असे त्यांनी जाहीर केले. मुख्याध्यापक तिघांनाही ‘आपले बरोबर आहे’ म्हणाले आणि चहा आला. मला मात्र अजून उलगडलेले नाही की एकाच वर्षी निकाल पडतो आणि प्रावीण्य वाढते, हे कसे? आणि त्या 95.45 चे काय करायचे?

बांगड्याचे तिखले

मला दहावीला 62 टक्के पडले, तेव्हा आमच्या मालवणच्या आजोबांनी ‘उरलेले 38 कोणी नेले?’ असे अत्यंत गंभीरपणे विचारले होते. तुमच्या सभेतील तीनही तटांपेक्षा हा प्रश्न मला अधिक मूलभूत वाटतो.

खडूची भुकटी

खाडीपलीकडच्या ताई, परीक्षेला किती मुले बसली तो आकडा तुमच्या तक्त्यात नाही आणि सारा घोळ तिथूनच सुरू झाला आहे. मंडळ स्वतः निकाल जाहीर करते तेव्हा नोंदणी झालेले, प्रविष्ट झालेले, उत्तीर्ण झालेले आणि मग शेकडा प्रमाण, अशा क्रमाने स्तंभ देते. शाळेच्या फलकापर्यंत येताना पहिले तीन स्तंभ गळून पडतात आणि चौथा तेवढा मिरवतो. तरी हरकत नाही, शाळा लहान असली की गळलेले आकडे परत मिळवता येतात. मी पस्तीस वर्षे गणित शिकवले, त्यामुळे ही खोड गेलेली नाही.

एकूण निकाल 86.36, म्हणजे अनुत्तीर्ण 13.64. शंभराला 13.64 ने भागले की 7.33 येतात, म्हणजे दर 7.33 मुलांमागे एक अनुत्तीर्ण. अनुत्तीर्ण एकच असेल तर वर्गात 7.33 मुले हवीत, दोन असतील तर 14.66, आणि तीन असतील तर 22. मुलांचे तुकडे होत नाहीत, म्हणून 22 पैकी 19 उत्तीर्ण हेच उत्तर. (44 पैकी 38 हेही बसते, पण किनाऱ्यावरच्या गावात आता दहावीला 44 मुले कुठून आणायची?) त्याच रीतीने गेल्या वर्षी अनुत्तीर्ण 4 टक्के, म्हणजे 25 पैकी एक.

आता प्रावीण्याकडे या. 22 मुलांपैकी आठ जणांना प्रावीण्य मिळाले असते तर 36.36 आले असते, सात जणांना मिळाले असते तर 31.82. तक्त्यात 36.84 आहे. हा आकडा बावीसचा होऊ शकत नाही. तो 19 पैकी 7 चा आहे. शिवाय चारही श्रेणींची बेरीज करून पाहा, ती बरोबर 100.00 येते, म्हणजे अनुत्तीर्णांना त्या बेरजेत जागाच ठेवलेली नाही. सारांश एवढाच की पहिल्या स्तंभाचा शेकडा परीक्षेला बसलेल्यांचा आहे आणि पुढच्या चार स्तंभांचा शेकडा उत्तीर्ण झालेल्यांचा आहे. एका ओळीत दोन छेद आहेत आणि ते कोणी सांगितलेले नाही.

मुले मोजली तर चित्र असे दिसते. गेल्या वर्षी 25 पैकी प्रावीण्य 6, प्रथम 10, द्वितीय 6, उत्तीर्ण श्रेणी 2, अनुत्तीर्ण 1. यंदा 22 पैकी प्रावीण्य 7, प्रथम 6, द्वितीय 4, उत्तीर्ण श्रेणी 2, अनुत्तीर्ण 3. म्हणजे ज्या प्रावीण्यासाठी सत्कार व्हायचा होता ते एका मुलाने वाढले आहे, आणि बसलेल्यांच्या शेकड्यात मोजले तर ते 24 वरून 31.82 वर गेले आहे. वाढ आहे, पण बाराची नाही, आठाच्या आतली आहे. ज्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही ती घट प्रथम श्रेणीत आहे, दहावरून सहावर.

खाडीपलीकडची

सर, मी आत्ताच शाळेत फोन करून ‘बावीस बसले आणि एकोणीस पास झाले ना?’ असे विचारले. तिकडच्या लिपिक बाई क्षणभर गप्प झाल्या आणि मग त्यांनी मला विचारले, की तुम्हाला रजिस्टर कोणी दाखवले. आकडे तंतोतंत बरोबर आहेत.

हिशेबनीस

आंब्याच्या पेटीवर चार डझनी, पाच डझनी असे लिहिलेले असते म्हणून गिऱ्हाइकाला आत किती नग आहेत ते कळते आणि भाव पटतो की नाही ते ठरवता येते. निकालाच्या तक्त्यावर तेवढेही लिहिले जात नाही, आणि तरी आपण भाव करत बसतो.

कातळसडा

सरांचे गणित बिनचूक आहे, पण या धाग्याचा सूर मला पटत नाही. ‘दहा टक्के म्हणजे दोनच मुले’ असे म्हणून हात झटकण्याची आपल्याकडे सवय आहे. 2025 मध्ये राज्याचा दहावीचा निकाल 94.10 लागला आणि आपल्या कोकण विभागाचा 98.82, जो राज्यात सर्वाधिक होता. ही शाळा विभागाच्या तर मागे आहेच, राज्याच्याही मागे आहे. छेद लहान आहे ही सबब किती वर्षे चालवायची? पटसंख्या कमी असेल तर प्रत्येक मुलाकडे लक्ष देणे उलट सोपे असायला हवे.

मिरग

कातळसडा, तुमचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, तुलनेची रीत मात्र मान्य नाही. बावीस मुलांच्या शाळेचा निकाल 98.82 लागूच शकत नाही. एकेका मुलाचे वजन 4.55 टक्के आहे, त्यामुळे पायऱ्या 100, 95.45, 90.91, 86.36 अशाच आहेत, मधल्या जागा रिकाम्या आहेत. एकच मूल अनुत्तीर्ण झाले असते तर शाळा राज्याच्या पुढे गेली असती, दोन झाली असती तर मागे पडली असती. राज्याच्या पुढे की मागे हा निवाडा अशा शाळेत एका मुलाच्या एका उत्तरपत्रिकेवर ठरतो.

तरीही तीन अनुत्तीर्ण ही नुसती लहर आहे असे मी म्हणणार नाही. विभागात शंभरामागे 1.18 विद्यार्थी अनुत्तीर्ण झाले. त्याच दराने बावीस मुलांत 0.26 येते, म्हणजे साधारण चार वर्षांतून एखादे मूल. इथे दोन वर्षांत चार झाली आहेत. तेव्हा चौकशी व्हायला हवी, फक्त ‘दहा टक्के कोसळले’ या कारणासाठी नको.

लाल परी

नोकरीमुळे मी मुंबईत असतो, तरी निकालाच्या दिवशी गावाकडच्या विभागाचा आकडा आधी पाहतो, ही आम्हा चाकरमान्यांची जुनी सवय आहे. त्या सवयीने काही वर्षांचे आकडे वहीत उतरवलेले आहेत. कोकण विभाग: 2018 मध्ये 96.00, 2019 मध्ये 88.38, 2020 मध्ये 98.77, 2021 मध्ये थेट 100. नुसते हे चार आकडे पाहणाऱ्याला वाटेल की 2019 मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या मुलांना काहीतरी बाधले आणि पुढच्याच वर्षी उतारा सापडला. प्रत्यक्षात 2019 मध्ये नवा अभ्यासक्रम होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेकडून मिळणारे 20 गुण काढून टाकलेले होते. राज्याचा निकालही त्या वर्षी 89.41 वरून 77.10 वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकालही परत आला. 2020 मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, आणि 2021 मध्ये तर लेखी परीक्षाच न होता नववी-दहावीच्या शाळेतील मूल्यमापनावर गुण दिले गेले. माझा भाचा 2019 च्या तुकडीतला आहे. घरात अजूनही कोणी टक्क्यांची तुलना काढली की तो फक्त आपले वर्ष सांगतो आणि उठून जातो.

दुसरी गंमत याच विभागाची. 2024 मध्ये निकाल 99.01 होता आणि 2025 मध्ये 98.82. ‘0.19 ची किरकोळ घट’ असे लिहिता येते. अनुत्तीर्णांचे प्रमाण 0.99 वरून 1.18 झाले, म्हणजे ‘अनुत्तीर्णांच्या प्रमाणात 19 टक्क्यांची वाढ’ असेही लिहिता येते. दोन्ही विधाने खरी आहेत. म्हणून टक्क्यांमधला फरक सांगताना ‘टक्केबिंदू’ म्हणावे आणि प्रमाण किती पटीने बदलले ते सांगतानाच ‘टक्के’ म्हणावे असा माझा आग्रह असतो, पण आमच्या व्हॉट्सॲप गटावर माझे कोणी ऐकत नाही.

सुरंगीचा वळेसर

टक्क्यांच्या गोंधळात पर्सेंटाईलची भर घालते. आमच्या नणंदेच्या मुलाला सीईटीत 92 पर्सेंटाईल मिळाले. सासूबाईंनी ‘92 टक्के’ असे ऐकले, अख्ख्या वाडीत पेढे वाटले, आणि नंतर प्रवेशाच्या वेळी हव्या त्या महाविद्यालयाच्या यादीत नाव येईना तेव्हा संगणकाची चूक आहे असे ठरवून टाकले. 92 पर्सेंटाईल म्हणजे शंभरातल्या 92 परीक्षार्थींचे गुण त्याच्याइतके किंवा त्याच्यापेक्षा कमी होते. पेपरात त्याला किती टक्के गुण मिळाले ते त्या आकड्यातून कळतच नाही, पेपर अवघड असेल तर ते पुष्कळच कमी असू शकतात. शाळेतल्या टक्क्यात मुलाची तुलना पेपराशी असते आणि पर्सेंटाईलमध्ये इतर मुलांशी, हे सासूबाईंना सांगायला मला दोन संध्याकाळी लागल्या. शेवटी ‘पंगतीत मागून कितवा बसला आहे ते’ असे म्हटल्यावर त्यांना लगेच पटले.

बांगड्याचे तिखले

पंगतीत मागून पहिल्या असलेल्यांना आमच्याकडे सोलकढी पुरत नाही, तेव्हा उदाहरण अचूक आहे.

हिशेबनीस

मी रत्नागिरीत एका शिक्षणसंस्थेचे हिशेब पाहतो. दरवर्षी वार्षिक अहवालात ‘संस्थेच्या शाळांचा सरासरी निकाल’ असे एक वाक्य असते आणि दरवर्षी ते चुकीचे असते. समजा संस्थेच्या तीन शाळा आहेत. एकीत आठ मुले बसली, आठही उत्तीर्ण झाली, निकाल 100. दुसरीत सहा बसली, सहाही उत्तीर्ण, निकाल 100. तिसरी ताईंची शाळा धरू, 22 पैकी 19, निकाल 86.36. तीन निकालांची बेरीज करून तिनाने भागले की 95.45 येतात आणि अहवालात तेच छापले जाते. मुले मोजली तर 36 पैकी 33 उत्तीर्ण आहेत, म्हणजे 91.67. टक्क्यांची सरासरी काढताना सहा मुलांच्या शाळेला बावीस मुलांच्या शाळेइतकेच वजन मिळते, आणि लहान शाळांचे निकाल बहुधा शंभर असल्याने संस्थेचा आकडा फुगतो. मी हे एकदा सभेत दाखवले होते. अध्यक्षांनी कौतुक केले आणि पुढच्या अहवालात 95 च्या घरातलाच आकडा छापून आला.

पाणंद

सरांनी छेद शोधून काढला, पण छेदात कोणाला येऊ दिले आहे हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. मी ज्या शाळेत शिकलो तिचा दहावीचा निकाल अनेक वर्षे शंभर टक्के असे आणि प्रवेशद्वारावर तसा रंगवलेला फलक होता. आमच्या नववीत 41 मुले होती, दहावीच्या हजेरीपटावर 29 राहिली. जी गणितात कच्ची होती त्यांपैकी काहींना नववीतच ठेवले आणि काहींच्या पालकांना बोलावून ‘सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा, मुलाच्या डोक्याला ताप नको’ असे समजावले. बाहेरून बसलेल्या मुलाचा निकाल शाळेच्या नियमित विद्यार्थ्यांच्या ओळीत येत नाही. माझा धाकटा चुलतभाऊ त्या गाळणीत अडकला. तो पुढे बाहेरून बसला, दोन खेपांत उत्तीर्ण झाला आणि आज त्याची स्वतःची बोट आहे, पण फलकासमोरून जाताना तो अजून मान वळवतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की ताईंच्या शाळेने तीन अनुत्तीर्ण दाखवले आहेत ते पाहून मला राग येण्याआधी थोडा दिलासाच वाटला. निदान ती तीन मुले परीक्षेला नियमित म्हणून बसली तरी. तक्ता वाचताना दोन वर्षांपूर्वीची आठवीची पटसंख्या शेजारी ठेवून पाहा.

खाडीपलीकडची

पाणंददादा, तुमचे वाचून मी लगेच माझ्या मुलीच्या जुन्या गटछायाचित्रात डोकी मोजली. आठवीत 23 होती. एक मुलगी वडिलांच्या बदलीमुळे पनवेलला गेली. त्यामुळे गाळणी लागलेली नाही असे दिसते.

कातळसडा

पाणंद यांचे लिहिणे वाचून मी माझे आधीचे वाक्य थोडे मागे घेतो. शंभर टक्क्यांचा आग्रह धरणाऱ्या पालकांत मीही होतो, आणि त्या आग्रहाची किंमत कोण देते याचा विचार मी केलेला नव्हता. शाळेने उत्तर द्यायला हवे, हे म्हणणे मात्र कायम आहे.

कोयत्याची मूठ

माझा प्रश्न लहान आहे आणि वैयक्तिक दुःखातून आलेला आहे. 2012 मध्ये मला 500 पैकी 299 गुण मिळाले, म्हणजे 59.80 टक्के, आणि तक्त्यात मी द्वितीय श्रेणीत गेलो. माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राला 300 गुण होते. तो प्रथम श्रेणीत, त्याच रकान्यात 74 टक्केवाल्याबरोबर. एका गुणाने माझे मूल्य बदलले असे तक्ता म्हणतो, आणि चौदा टक्के जास्त मिळवणारा माझ्या मित्राच्या बरोबरीचा असेही तोच तक्ता म्हणतो. श्रेणींचे रकाने वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी एवढीच विनंती.

खडूची भुकटी

कोयत्याची मूठ यांचे दुःख रास्त आहे. रकाने पाडले की आतले गुण दिसेनासे होतात. त्यासाठीच दहावीच्या सांख्यिकीत मध्यक शिकवतो. बावीस मुलांचे गुण चढत्या क्रमाने लावून अकराव्या आणि बाराव्या मुलाच्या गुणांची सरासरी सांगितली असती तरी वर्गाचा मध्य कुठे आहे ते कळले असते. दोन हुशार मुलांनी सरासरी ओढून नेली तरी मध्यक सहसा हलत नाही. ज्या विषयात आपण मुलांना मध्यकाचे चार गुण देतो त्याच विषयाचा निकाल लावताना शाळा तो काढत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

2010 पासून दहावीचा शेकडा सर्वोत्तम पाच विषयांवर काढला जातो हेही जुन्या पिढीने ध्यानात घ्यावे. आपल्या वेळचे 70 आणि नातवाचे 85 यांची तुलना करताना आपल्याला सगळे विषय मोजले गेले होते आणि त्याचा सर्वांत कमी गुणांचा विषय गळला आहे. त्यात कला आणि क्रीडा यांचे वाढीव गुण मिळवले की 2025 प्रमाणे राज्यात 211 विद्यार्थ्यांना 100 टक्के मिळतात. त्यांच्या कष्टांविषयी शंका नाही, पण ‘एकही गुण गेला नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही.

मिरग

विषय निघालाच आहे तर एक कोडे ठेवतो, आकडे काल्पनिक आहेत. दोन शाळा, दोन्हीत 25 मुले. पहिल्या शाळेत सेमी इंग्रजीच्या 20 पैकी 18 मुलांना प्रथम श्रेणी किंवा वर, म्हणजे 90 टक्के. मराठी माध्यमाच्या 5 पैकी 2, म्हणजे 40 टक्के. दुसऱ्या शाळेत सेमीच्या 5 पैकी 5, म्हणजे 100 टक्के. मराठीच्या 20 पैकी 10, म्हणजे 50 टक्के. दोन्ही माध्यमांत दुसरी शाळा सरस आहे. आता एकूण काढा. पहिली 25 पैकी 20, म्हणजे 80 टक्के. दुसरी 25 पैकी 15, म्हणजे 60 टक्के. पुढच्या वर्षी पालक मुलांना कोणत्या शाळेत घालतील?

हा नुसता पाटीवरचा खेळ नाही. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात 1973 मध्ये पदव्युत्तर प्रवेशांत अर्जदार पुरुषांपैकी सुमारे 44 टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे 35 टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. विभागवार पाहिले तेव्हा स्त्रियांवर तसा सरसकट अन्याय दिसला नाही, कारण जिथे प्रवेश मिळणे सर्वांनाच कठीण होते अशा विभागांत त्यांनी अधिक संख्येने अर्ज केले होते. आपल्याकडे मुले-मुली, नियमित-पुनर्परीक्षार्थी, सेमी-मराठी यांच्या एकूण ओळी वाचताना हीच फसगत होऊ शकते.

बांगड्याचे तिखले

मी दोन्ही शाळा नाकारून मुलाला मामाकडे पाठवतो. मामाकडे टक्के काढत नाहीत, थेट गाबितवाड्यातल्या सगळ्यांसमोर पाढे म्हणायला लावतात.

सुरंगीचा वळेसर

खाडीपलीकडच्या ताईंचा तिसरा प्रश्न, त्या 95.45 चा, तसाच राहिला आहे असे मला वाटते. आम्ही सगळे भरकटलो.

खडूची भुकटी

सुरंगीताईंनी बरी आठवण केली. आणि खरे सांगायचे तर त्या तक्त्यातला सर्वांत बोलका भाग तोच आहे.

विषयवार शेकड्यांची सरासरी हा एकूण निकाल नसतो, कारण एकूण निकालात मूल सगळ्या विषयांत उत्तीर्ण व्हावे लागते. पाच विषयांत सारी मुले पास झाली आणि सहाव्यात निम्मी राहिली तर सरासरी 91 च्या वर दिसेल आणि निकाल 50 लागेल. एकूण निकाल सर्वांत कमी निकालाच्या विषयापेक्षा वर कधीच जाऊ शकत नाही. फार तर त्याच्या बरोबरीला येतो, आणि वेगवेगळी मुले वेगवेगळ्या विषयांत राहिली असतील तर त्याच्याही खाली जातो.

ताईंच्या शाळेत गणित 86.36 आणि एकूण निकालही 86.36. दोन्ही सारखे आहेत, म्हणजे जी तीन मुले अनुत्तीर्ण झाली ती तीनही गणितात राहिली आहेत, आणि इंग्रजीत राहिलेली दोन व विज्ञानात राहिलेले एक ही यांतलीच आहेत, बाहेरची कोणी नाहीत. हे कोणतेही रजिस्टर न पाहता म्हणता येते. पुढचे मात्र तक्ता सांगू शकत नाही. गणितातील तीन, इंग्रजीतील दोन आणि विज्ञानातील एक अशा एकूण सहा अपयशांची तीन मुलांत वाटणी दोन प्रकारे होऊ शकते. एक म्हणजे कोणी फक्त गणितात, कोणी गणित आणि इंग्रजीत, आणि कोणी तीनही विषयांत. दुसरी म्हणजे दोघे गणित आणि इंग्रजीत, आणि एक गणित व विज्ञानात. दोन्हींचे शेकडे हुबेहूब सारखे आहेत. पण एक किंवा दोन विषय राहिलेल्याला एटीकेटीवर अकरावीला बसता येते, तीन राहिलेल्याला नाही. तेव्हा एका मुलाचे वर्ष वाचले की गेले, हे त्या कागदावर लिहिलेलेच नाही. ताई, शाळेत जाणार असाल तर एवढे विचारा.

खाडीपलीकडची

काल शाळेत गेले होते. बाहेर पाऊस आणि वीज गेलेली, त्यामुळे मुख्याध्यापकांनी रजिस्टर खिडकीशी नेऊन माझ्यासमोर उघडले. सर म्हणाले त्यातली दुसरी वाटणी निघाली. दोघे मुलगे गणित आणि इंग्रजीत राहिले आहेत, एक मुलगी गणित आणि विज्ञानात. तिघांनाही अकरावीला बसता येईल आणि तिघांचेही पुरवणी परीक्षेचे अर्ज भरून झाले आहेत.

आणखी एक गोष्ट रजिस्टरातच दिसली, ती हजेरीची. दोन्ही मुलांची जानेवारीपासूनची हजेरी निम्म्यावर आहे, दोघेही वडिलांबरोबर मासेमारीला जात होते. गणिताचे शिक्षक डिसेंबरात बदलून गेले आणि जागा फेब्रुवारीपर्यंत रिकामी होती, हेही मुख्याध्यापकांनी स्वतःहून सांगितले. सभेत का सांगितले नाही असे विचारले, तर म्हणाले की कोणी विचारलेच नाही, सगळे टक्क्यांवर बोलत होते. कातळसडा, तुमचा जाब विचारण्याचा मुद्दा इथे लागू पडतो, आणि रिकाम्या जागेबद्दल संस्थेकडे आमच्या संघाचे पत्र आज गेले.

फलकावर नवा तक्ता लावून घेतला आहे. त्यात आधी प्रविष्ट, मग उत्तीर्ण, मग प्रत्येक श्रेणीतील मुले, आणि शेवटी शेकडा, सगळीकडे प्रविष्टांचाच. ते मोबाइलवाले गृहस्थ तो बराच वेळ वाचत उभे होते.

मासेमारीबंदी 31 जुलैपर्यंत असल्याने नौका वर ओढलेल्या आहेत आणि दोन्ही मुले घरीच आहेत. इंग्रजीसाठी गावातल्या एक बाई तयार झाल्या आहेत. गणितासाठी अजून कोणी मिळालेले नाही.

खडूची भुकटी

मी राजापूरला असतो. शनिवार-रविवार येऊ शकेन, फक्त गुडघ्यामुळे चढण जमत नाही. सकाळची एसटी तुमच्या गावापर्यंत येते का, की वाटेत बदलावी लागते?

खाडीपलीकडची

सर, वाटेत बदलावी लागेल, पण तुम्ही पुलापर्यंत या, तिथे आमचा मुलगा स्कूटर घेऊन उभा असेल. शाळा रस्त्यालगतच आहे, चढण नाही. येताना छत्री मात्र आणा.